उजवीकडची खिडकी

विट्याच्या स्टँडसमोर, रसवंतीच्या वरच्या मजल्यावर
दस्तगीर तांबोळींचं ऑफिस. दीड टेबल, एक पंखा,
भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर,
त्यातलं विमान चांगलं आलंय म्हणून न काढलेलं.

अर्धा तालुका या जिन्यानं गेला
कोइमतूरला, त्रिचूरला, पार गुवाहाटीला,
सोनं आटवायला.
आधी एसटीनं, मग रेल्वेच्या वेटिंगवर,
आता विमानानं, पिशवीत शेंगदाण्याची चटणी.

यंदा मी जिना चढले नाही.
रात्री साडेअकराला, घर झोपल्यावर,
मोबाइलवर माझं मीच काढलं तिकीट:
कोल्हापूर ते बंगळूर, बंगळूर ते कोची.
भावाच्या धाकटीचं बारसं.
(थोरली मराठीत रुसते आणि मल्याळममध्ये भांडते.)
विमा नको, जेवण नको, पुढची सीट नको,
बोहारणीशी घासाघीस करावी तशी पुढं सरकत गेले.
ओटीपी दोनदा चुकला.
मग दोन चौकटी आल्या: नाव, आडनाव.
मधलं काही नाही.

तांबोळी रजिस्टरात मध्ये ह्यांचं नाव लिहायचे,
हे गेल्यावरसुद्धा, सवयीनं.
मीही कधी खोडायला लावलं नाही.
मोबाइलनं विचारलंच नाही.
हेमलता. देवकर.
एवढ्याशा जागेत मी मावते
हे पहिल्यांदाच बघितलं, आणि बराच वेळ बघत बसले.

पुढचे आठ दिवस बाजाराला मागच्या बोळानं.
पण कागद काही घरात छापून निघत नाही,
आणि झेरॉक्सवाला नेमका गावाला.

त्यांनी तिकीट चष्मा वर करून वाचलं.
"कितीला पडलं?"
"पाच हजार दोनशे दहा."
पेनाच्या टोपणानं टेबलावर हिशेब केला.
"मला अठ्ठावन्नशेला द्यावं लागलं असतं. बरं केलंत."
आणि प्रिंटचे दहा रुपये घेतले.
ते घेतले म्हणून मला जरा हलकं वाटलं.

"काउंटरवर उजवीकडची खिडकी मागा,
सकाळचं ऊन डावीकडनं येतंय.
बंगळूरला गेट लांब हाय, पट्ट्यावर नुसतं उभं राहू नका, चाला.
उतरताना नारळीच नारळी, मधनं पाणी."
"तुम्ही कधी गेलाय?"
"मी? पुण्याच्या पुढं न्हाई. तेबी एसटीनं."

रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.
उजव्या रकान्यात, पैशांच्या पलीकडं, बारीक अक्षरात:
बाळू म्हेत्रे – ढग वरून पिंजलेल्या कापसागत.
शेवंताकाकू – कान दुखले, बडीशेप चघळली, थांबले.
आणि एकाचं नुसतं:
खाली बघितलं, आपलं काही ओळखू आलं नाही.

"परत आल्यावर सांगायचे लोक.
मोबाइलवाले काय, येत न्हाईत."
हे पंख्याकडं बघत म्हणाले,
पंख्याबद्दलच बोलल्यासारखं.

काउंटरवर उजवीकडची खिडकी मागितली.
मिळाली मधली.
नारळी दिसल्या त्या शेजारच्या पोराच्या कानामागून,
पाणी एकदाच, रुपयाएवढं.
उलटीच्या कागदी पिशवीवर, त्याच पोराचा पेन मागून,
लिहून ठेवलं:
पट्टा – चालत गेले.
कान – फक्त उजवा. बडीशेप – खरंच थांबतो.
पोराला वाटलं, मी पिशवी वापरणार आहे.
त्यानं पाय आखडून घेतले.

परतीचं अजून काढलेलं नाही.
भावाकडं तांबोळींचा नंबर आहे,
आणि सहाशे रुपये म्हणजे काही फार नाहीत.
फक्त मधलं नाव आता लिहू नका,
हे फोनवर कसं सांगायचं,
तेवढं ठरत नाही.